लेकीच्या गावचा वारा

आमच्या गल्लीत पंखा बंद पडला की माणूस आधी त्याला शिव्या देतो, मग दोन थपडा मारतो आणि मग काखोटीला मारून मास्तरकडे आणतो. हा मास्तर शाळेतला नव्हे. पंख्यांच्या, मिक्सरच्या, पाण्याच्या पंपांच्या मोटारी जळाल्या की त्यांतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. त्याच्या दुकानाला लागून माझं सायकलचं दुकान. मधली भिंत एवढी पातळ की तो तिकडे शिंकला तर इकडे माझ्या हातातलं पंक्चरचं ठिगळ सुटायचं. इतकी वर्षं शेजारी काढली, तेव्हा त्याची गोष्ट सांगायचा हक्क माझाच. तो स्वतः काही सांगणार नाही. त्याला बोलायचाच मुळात कंटाळा.

नाक मात्र त्याचं फार बोलकं. कुणी मोटार आणली की तो आधी ती नाकाशी धरायचा. वैद्याने नाडी बघावी तशी. जास्त वीज आल्याने जळलेल्या मोटारीचा वास वेगळा, धुळीने अडकून जळलेलीचा वेगळा, असं त्याचं म्हणणं. एकदा एक बाई मिक्सर घेऊन आल्या. मास्तरने हुंगलं आणि म्हणाला, "साखर दळत होतात. मधे फोन आला आणि बटण तसंच राहिलं." बाई चपापल्या. म्हणाल्या, "मी नाही हो, सून होती." नंतर आठवडाभर त्या बाई गल्लीत सांगत फिरत होत्या की मास्तरला करणी येते.

दुकान कसलं, लांबट खोलीच ती. दाराचं एकच फळकूट उघडायचं, दुसऱ्यामागे तारेची रिळं रचलेली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर मोटारींचे लोखंडी गाभे. या गाभ्यांना आतून खाचा असतात, आणि तारेची वेटोळी त्या खाचांत दाबून बसवायची असतात. बसवली की वरून दोऱ्याने बांधायची, वॉर्निश पाजायचं, आणि पत्र्याच्या एका पेटीत मोठा दिवा लावून त्याच्या उबेला वाळत ठेवायची. त्या तापलेल्या वॉर्निशचा वास दुकानात बारा महिने. गोडसर, जळकट, घशात बसणारा. नवं गिऱ्हाईक नाक दाबायचं. मास्तरला तो वास येतो हेच माहीत नव्हतं.

बायको गेली तेव्हा त्याची मुलगी नुकती कुठे चालायला लागली होती. घरी बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून त्याने तिला दुकानातच आणलं. रिळांच्या आणि डब्यांच्या मधे तिची चटई. तारेचे तुकडे हे तिचे बाहुला-बाहुली. एक दिवस बापाचं लक्ष नाही असं बघून तिने केसातली पिन भिंतीतल्या सॉकेटात घातली. निळा जाळ उडाला, सगळ्या गल्लीची वीज गेली, आम्ही धावलो, तर ही बया चटईवर बसून टाळ्या पिटतेय. त्या दिवसापासून तिला सगळे ठिणगी म्हणायला लागले.

ठिणगी मोठी झाली ती हातात तार घेऊनच. आणि इथे मास्तरची ती खोड आली. खोड म्हणजे त्याच्या गुरूने त्याला लावलेली शिस्त. शिकणाऱ्याने वेटोळी भरली की गुरूने ती बघायची आणि कात्रीने कापून टाकायची. वाईट असली तरी कापायची, चांगली असली तरी कापायची. हाताला वळण लागेपर्यंत शिकणाऱ्याची एकही मोटार चालू होऊ द्यायची नाही. मास्तरच्या गुरूने त्याचं असंच केलं होतं, आणि मास्तर ते लेकीच्या बाबतीत इमानाने करत होता.

भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं.

"बाबा, यात काय चुकलं?"

"काही नाही."

"मग कापलंत का?"

"परत भर."

मी एकदा मधे पडलो. म्हटलं, "अरे, पोर आहे. एखादं तरी राहू दे. पंखा फिरताना बघू दे तिला."

"तू तुझ्या चाकातली हवा बघ," मास्तर म्हणाला. विषय संपला.

गंमत अशी की त्याला ती कळत होती. ती काम करताना गालात पेपरमिंटची गोळी ठेवायची आणि जिभेने हळूच इकडून तिकडे सारायची. मास्तर मान वर न करता त्या आवाजावरून सांगायचा, आता ती कोणत्या खाचेपाशी अडली आहे. पण "छान" हा शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. तो शब्द जणू त्याच्याकडे भरायचाच राहिला होता.

मग ठिणगीला दूरच्या एका शहरात नोकरी लागली. मोटारींचा मोठा कारखाना. तिने सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो, मास्तरकडचा पान्हा मागायला गेलेलो.

"तिथे मशीन तार भरते," मास्तर म्हणाला. "तू काय करणार? बटण दाबणार?"

"दाबेन. मशीन निदान भरलेलं कापत तरी नाही."

त्यावर मास्तर जो गप्प झाला तो झालाच. जायच्या आदल्या दिवशी तो कुठेसा पंप बघायला गेला होता. तेवढ्यात ठिणगीने भंगारात पडलेला एक हिरवा टेबलफॅन काढला, त्याची मोटार एकटीने भरली, बंद केली, आणि झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर वॉर्निशचा थेंब टाकून तो गोठवला. बाप आला तेव्हा तो पंखा त्याच्या बाकावर उभा होता.

"हा उघडायचा नाही," ती म्हणाली. "हा कापायचा नाही."

मास्तरने पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जायचं तर जा. मग तिकडून रडत फोन करायचा नाही."

"नाही करणार. तुम्हीपण करू नका."

आता माणूस रागात बोलतो, दोन दिवसांनी विसरतो. हे दोघं एकाच रिळाची तार. बोलले ते बोलले. तिने फोन केला नाही, याने केला नाही. हिरवा पंखा फळीवर चढला आणि त्याच्यावर धूळ बसली. मास्तर रोज त्याच्याखालून जायचा, पण मान अशी काही खाली घालायचा की जणू वर कुणी पाहुणे बसलेत आणि त्यांच्याशी याचं बोलणं नाही.

पुढे एक उन्हाळा असा आला की डांबर चपलेला चिकटत होतं. समोर आमच्या शिवणवाल्या मावशींचं दुकान. त्यांच्या शिलाई मशीनची मोटार मास्तरकडे आली होती. ती न्यायला त्या आल्या आणि खुर्चीत कोसळल्या.

"मास्तर, आधी पंखा लावा. पैसे मागून सांगा."

"पंखा नाही. सगळे उघडे आहेत."

"तो काय फळीवर. हिरवा."

"तो नाही चालत."

"तुम्ही लावून बघितलात?"

मावशी उठल्या, स्टुलावर चढल्या, पंखा काढला, धूळ फुंकली आणि खटकन बटण दाबलं. पाती फिरली. मावशी डोळे मिटून समोर बसल्या, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी कुणाच्यातरी मापाचं कापड खांद्यावरून ओढून घेतलं.

"अहो, आत बर्फ भरलाय काय?"

मी हात पुढे केला. वारा थंडगार. पावसाळ्यातला असतो तसा नव्हे, नखं दुखतील असा. मास्तर उठला. तारेखाली घालतात त्या जाड कागदाची एक पट्टी त्याने पंख्याच्या पाठीमागे धरली. पंखा मागून हवा ओढतो, त्यामुळे पट्टी जाळीला चिकटायला हवी. ती हलली नाही. पुढे धरली तर फडफडली.

"मागून घेत नाही," मास्तर म्हणाला.

"मग पुढून देतो ते कुठलं?"

त्याने वाकून हुंगलं. एकदा, परत एकदा. मग मला म्हणाला, "मशीनचं तेल. ओली लोकर. तापलेली कल्हई." थोडा थांबला. "आणि पेपरमिंट."

तो खुर्चीवर बसला आणि चष्मा काढून पुसायला लागला. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे. तो वारा कुणाकडून येतोय ते तिघांनाही कळलं होतं.

असं कसं होतं म्हणून मला विचारू नका. आमच्या शाळेत विज्ञानाचे गुरुजी सांगायचे, हवा मुठीत धरून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेता येत नाही. गुरुजी आज असते तर त्यांना हाताला धरून त्या पंख्यासमोर बसवलं असतं आणि वर एक स्वेटर दिला असता.

तेव्हापासून मास्तरची दुपार ठरली. जेवण झालं की पंखा लावायचा आणि समोर बसायचं. दुसरे लोक पेपर वाचतात, हा वारा वाचायचा. "आज तिकडे पाऊस आहे." "खोली बदललीय, नवा रंग दिलाय भिंतींना." "सर्दी झालीय तिला, बाम लावलाय." मी पलीकडून ओरडून विचारायचो, "काय म्हणतेय लेक?" आणि तो बातम्या सांगायचा. आधीच्या सगळ्या वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं त्या उन्हाळ्यात बोलला.

एक दिवस हाक आली. "सायकल, इकडे ये."

तो मला सायकलच म्हणतो. गेलो.

"हुंग."

हुंगलं. म्हटलं, "साबण आहे."

"कसला?"

परत हुंगलं. "दाढीचा."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"ती दाढी करत नाही," मास्तर म्हणाला.

"नसावी करत," मी म्हणालो.

तो उठून कामाला लागला. त्या दिवशी त्याने एका पंपाची मोटार उलटी बसवली आणि गिऱ्हाइकाने परत आणून दिली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. लेकीने लग्न केलं आणि बापाला वाऱ्याकडून कळलं, हे गिळायला वेळ लागतो. संध्याकाळी फळकूट लावताना मात्र माझ्या दारात थांबला. "रोज येतोय वास. माणूस रोज दाढी करतो म्हणजे आळशी नसणार." जावई पसंत पडल्याचा निरोप मी एवढाच ऐकला.

मी म्हटलं, "मग आता तरी फोन कर. मावशींकडे नंबर आहे. त्यांना ती अधूनमधून करते."

"मला माहीत आहे करते ते."

"मग?"

"मला नाही करत."

"तू तिला सांगितलंस करू नको म्हणून."

"तिनेही सांगितलंय मला."

"दोघांनी शब्द पाळून अगदी सोनं केलंत," मी म्हणालो. तो घरी निघून गेला. मावशींना त्याने काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही अशी ठिणगीने मावशींनाही शपथ घातलेली. तीही तसलीच.

पुढे वाऱ्यातून पेपरमिंट गेलं. त्याजागी लिंबू आलं, नुसतं लिंबू, सकाळ-दुपार. मास्तरला अर्थ लागेना. आणि मग एका दुपारी पंखा लावला तर फिनेल आणि स्पिरिटचा भपकारा. दवाखान्याचा वास ओळखायला मास्तरचं नाक लागत नाही, मलाही कळला.

तो दिवस मी विसरणार नाही. गिऱ्हाइकं परत पाठवली त्याने. पंख्यापुढून उठला नाही. मावशींच्या दुकानाला नेमकं कुलूप, त्या भाचीच्या घरी गेलेल्या. पण त्यांनी मागे कधीतरी मास्तरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलेला ठिणगीचा नंबर होता. मास्तरने फोन हातात घेतला, आकडे दाबले, शेवटच्या आकड्यापाशी बोट थांबलं. फोन खाली. परत हातात. परत खाली.

"दाब की," मी म्हणालो.

"आणि काय विचारू? तुला कसं कळलं म्हणाली तर? पंख्याने सांगितलं?"

"ती तुझी लेक आहे. तिला पटेल."

पण बोट काही पुढे सरेना. दुसऱ्या दिवशीही तोच वास. तिसऱ्या दिवशी मावशी परत आल्या, आणि त्या दारात असतानाच वारा बदलला. कोमट झाला. त्यात दूध होतं, पावडर होती, आणि आणखी एक काहीतरी आंबूस, ओलसर. मास्तर घाबरून हुंगत होता. मावशींनी दुरूनच नाक वर केलं.

"मास्तर, हे तान्ह्या बाळाचं आहे. मी चार वाढवलीत, मला काय सांगता. आजोबा झालात."

त्याने पंखा थोडा जवळ ओढला, मग वेग कमी केला, अगदी कमी, जणू जोरात लावला तर तिकडे बाळ उठेल.

यानंतर जे सुरू झालं ते बघवायचं नाही. वारा येतो, पण धरता येत नाही. एकदा मी सहज डोकावलो तर तो पंख्यासमोर दोन्ही हात पुढे करून, असे वाकवून बसला होता, बाळ घेतात तसे. मला बघितलं आणि हातात काही लागल्यासारखे त्याने ते पायजम्याला पुसले.

मग एका दुपारी मला हाक आली. बघतो तर पंख्याच्या बुडातली छोटी पेटी उघडलेली.

"अरे, तिने उघडू नको म्हटलं होतं."

"मोटार उघडू नको म्हटलं होतं. ही वायरींची पेटी. हिच्याबद्दल काही बोलली नव्हती."

वकील झाला असता. त्याच्या मनात काय होतं, तर पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली की पंखा उलटा फिरतो. देण्याऐवजी ओढतो. त्याने वायरी बदलल्या, नुकतीच वॉर्निश पाजलेली एक मोटार दिव्याच्या पेटीतून काढली, कढत, वाफाळती, ती पंख्यासमोर धरली आणि बटण दाबलं. पाती उलटी फिरली. धुराची बारीक रेघ जाळीतून आत शिरली. मागे पट्टी धरली, हलली नाही. धूर आत गेला आणि बाहेर कुठेच आला नाही.

"गेला," मास्तर हळूच म्हणाला.

मला राहवेना. मी माझ्या दुकानातून नवंकोरं टायर आणलं. "हेपण पाठव. काकाची आठवण."

"बाळाला टायरचा वास कशाला?"

"तुझ्या वॉर्निशपेक्षा बरा आहे."

ते टायरही त्याने एकदा पंख्यापुढून फिरवलं. मग वायरी पूर्ववत केल्या, आणि वाट बघणं सुरू.

पुढचे कितीतरी दिवस काही फरक नाही. दूध, पावडर, दाढीचा साबण. आणि मग एका सकाळी वाऱ्याला डिझेलचा वास आला. जुन्या गाद्यांचा, ओल्या लोखंडाचा, बिस्किटांचा, खूप माणसांच्या घामाचा. मधेच धूळ, मधेच कुठल्याशा शेतातला धूर. घटकेघटकेला बदलणारा. तुम्हाला कळलं असेल हे काय ते. आम्हाला कळलं नाही, कारण मास्तर कारागीर आहे, आणि कारागिराला काही बिघडलेलं दिसलं की आधी स्वतःच्या हाताचा संशय येतो.

"उलटा चालवला मी," तो म्हणाला. "तिच्या भरलेल्या तारेला ते सोसलं नाही. तारेवरचा लेप गेला असणार. वेटोळं वेटोळ्याला लागलंय, म्हणून वासात वास मिसळतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा लावला तर वारा अगदीच साधा. आमच्या गल्लीतला. समोरच्या चहाचा, माझ्या रबराच्या सोल्यूशनचा, मावशींच्या इस्त्रीखालच्या गरम कापडाचा. हे सगळे वास दारातूनही येत होतेच. मास्तर पंख्याला बराच वेळ नाक लावून बसला.

"गेला पंखा," तो म्हणाला.

त्या क्षणी कागदाची पट्टी मागे धरून बघायचं त्याला सुचलं नाही. मलाही नाही. त्याने पेचकस घेतला आणि स्क्रूवरचे वॉर्निशचे थेंब एकेक करून खरवडले. झाकण निघालं. आत लेकीने भरलेली वेटोळी. एकही तार दुसरीवर चढलेली नाही, दोऱ्याच्या गाठी एका ओळीत, कोपरे बोटाने घडवल्यासारखे. मास्तर ते बघत राहिला.

"छान भरलंय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो झाकण लावेल. पण आत दोष आहे हे त्याने धरलंच होतं, आणि तो दोष काढून तेच वेटोळं वाचवायचं होतं त्याला. त्याने एक दोरा कापला. आत दोष दिसला नाही. दुसरा कापला. तिथेही नाही. तार उचलली, लेप शाबूत. मग पुढचं वेटोळं. थोड्या वेळाने बाकावर तांब्याचा ढीग झाला होता आणि दोष कुठेच नव्हता. मास्तर हातात कात्री घेऊन त्या ढिगाकडे बघत होता, आणि तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला.

"बाबा," दारातून आवाज आला, "परत कापलंत?"

ठिणगी. अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे, खांद्याला पिशवी, आणि छातीशी फडक्यात गुंडाळलेलं बाळ. मागे मावशी, डोळे पुसत.

मास्तरच्या हातातून कात्री काही सुटेना. म्हणाला, "वारा येईना."

"कुठून येणार? मी तासभर मावशींकडे बसलेय, पंख्याचं सगळं त्यांनी सांगितलं. आत यायचा धीर होत नव्हता."

आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. बस, डिझेल, बिस्किटं, सगळं. मी कपाळावर हात मारून घेतला. मास्तरने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा ढिगाकडे.

"चांगलं होतं," तो म्हणाला. "मी उघडून बघितलं. छान भरलं होतंस."

"कापून झाल्यावर सांगताय."

"कापल्याशिवाय दिसलं नसतं."

यावर ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि बाळ जागं झालं. मास्तर हात धुवायला गेला. साबण लावून लावून धुतले, नखांतलं वॉर्निश निघेना तरी घासत राहिला. शेवटी मावशींनी बाळ त्याच्या हातात कोंबलं. मुलगी होती. त्याने काहीच केलं नाही, फक्त तिच्या टाळूला नाक लावलं आणि तसाच उभा राहिला.

ठिणगी सांगत होती. तिकडे दुपारी कधीकधी खिडकी बंद असताना पडदा हलायचा, खोलीतली हवा कुणीतरी ओढून नेतंय असं वाटायचं. नवरा म्हणायचा, भास आहे. मग त्या दिवशी ती बाळाला पाजत बसलेली, आणि खोलीभर तापलेल्या वॉर्निशचा वास. नवऱ्याने वायर जळाली म्हणून सगळ्या घराची वीज बंद केली. ती मात्र हलली नाही. "आणि त्यामागून टायरचा वास आला, तो का ते कळलं नाही."

"तो माझा," मी म्हणालो.

ती चांगली महिनाभर राहिली. दुकानात परत चटई आली. जायचे दिवस जवळ आले तसा मास्तर त्या उघड्या पंख्याभोवती घुटमळायला लागला. शेवटी त्याने नवी तार, कागद, दोरा, सगळं बाकावर मांडलं आणि तिला म्हणाला, "जायच्या आधी एवढा भरून दे."

"नाही."

"मी कापणार नाही."

"तसं नाही, बाबा. हा भरला की तुम्ही परत याच्यापुढे बसाल. माझं सगळं तुम्हाला कळेल आणि मला तुमचं काही कळणार नाही. तुम्ही आजारी असलात तर मला कोण सांगणार? तुमचा वारा माझ्याकडे नाही येत."

"उलटा करून पाठवीन."

"फोन करा."

"मला फोनवर बोलता येत नाही."

"शिका. चुकलं तर मी कापणार नाही."

मास्तरने तार परत रिळावर गुंडाळली. पंखा तिने शेवटपर्यंत भरला नाही. बस सुटली तेव्हा तो खिडकीखाली उभा राहून बाळाची मूठ धरून होता, आणि बस हलली तरी दोन पावलं तसाच चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने तो बाकापाशी जाऊन बसला. पुढे पंख्याचा रिकामा सांगाडा. पात्यांना बोटाने ढकललं, ती थोडी फिरली आणि थांबली. चार दिवस असेच गेले. मी पलीकडून काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने फोन काढला. मी दारात येऊन उभा राहिलो. त्याने सगळे आकडे दाबले, शेवटचासुद्धा. त्याच्या फोनचा आवाज नेहमी मोठा असतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा?"

याचं तोंड उघडेना. कितीतरी वेळाने म्हणाला, "वारा आहे का तिकडे?"

"आहे. थांबा." पावलं वाजली, खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि मग फोनमधून नुसतं फर्र, फर्र. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, फोन खराब आहे. मास्तरने डोळे मिटले आणि फोन कानावरून काढून नाकाशी नेला.

"येतंय का काही?" फोनमधून ठिणगी विचारत होती.

त्याने फोन परत कानाला लावला. "नाही. नुसता आवाज येतोय."

पलीकडे कुठेतरी बाळ कुरकुरत होतं. मास्तरने खुर्ची पुढे ओढली, पंख्याचा सांगाडा थोडा बाजूला सारला आणि कोपर बाकावर टेकलं.

"चालेल," तो म्हणाला. "बोल तू."